गाभण बकऱ्या, चहाचा चोथा आणि सुनेची कॉफी

प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात घरचीच चहाची टपरी आहे. दिवसभराचा चोथा मागच्या उकिरड्यावर पडतो आणि गाभण बकऱ्या तो आवडीनं खातात. आठवड्याभरात दोन बकऱ्या गाभडल्या. त्यातच कोणीतरी मोबाइलवर दाखवलं की कॉफीतल्या द्रव्यामुळे उंदरांची पिल्लं बोटं नसलेली जन्मतात. घरात सून पाचव्या महिन्यात आहे, तिला दिवसातून दोनदा कॉफी लागते. बकऱ्या चोथ्यानं गाभडल्या का, आणि सुनेनं कॉफी सोडावी का?

आधी थेट उत्तर. चोथ्यातल्या कॅफीननं दोन बकऱ्या लागोपाठ गाभडल्या असतील ही शक्यता फार कमी आहे. कारण दुसरीकडे शोधा, आणि आजच शोधा, कारण ते जर रोगाचं निघालं तर सुनेला कॉफीपेक्षा त्याची भीती जास्त. कॉफी सोडायची गरज नाही, मोजायची गरज आहे. उंदरांचे प्रयोग मात्र खरे आहेत. ते वाचताना डोस किती होता, तो कसा दिला आणि कोणत्या प्राण्याला दिला, एवढं पाहायचं असतं. मोबाइलवरच्या बातमीत नेमकं तेच गाळलेलं असतं.

चहा असो की कॉफी, अंगात काम करणारं द्रव्य एकच, कॅफीन. ते पाण्यातही विरघळतं आणि चरबीतही, म्हणून गर्भाशयातली वार (जिच्यातून गर्भाला पोषण मिळतं ती) त्याला अडवू शकत नाही. आईच्या रक्तात जेवढं असेल, थोड्या वेळात जवळपास तेवढंच गर्भाच्या रक्तात असतं. आईचं यकृत ते मोडून टाकतं. गर्भाच्या यकृतात ते मोडणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच. बाईच्या बाबतीत आणखी एक भर पडते. दिवस जसे भरत येतात तशी आईचीही कॅफीन मोडायची गती मंदावते. एरवी ४-५ तासांत निम्मं होणारं कॅफीन शेवटच्या महिन्यांत निम्मं व्हायला १५ तासांच्या आसपास घेतं. सकाळच्या कपातलं बरंचसं संध्याकाळच्या कपापर्यंत अंगातच असतं.

तिथे ते करतं काय? पेशींना 'जरा दमानं' असा निरोप देणारा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ शरीर स्वतःच तयार करतं. आपल्या बाजेवर आधीच कोणी येऊन बसावं, तसं कॅफीन ॲडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं आणि तो निरोप पोचत नाही. आपली झोप उडते ती यामुळेच. गर्भात हाच ॲडेनोसिन हृदयाच्या आणि मेंदूच्या घडणीत भाग घेतो, ऑक्सिजन कमी पडला तर पेशींना जपतो. शिवाय डोस मोठा असेल तर आईच्या रक्तात ॲड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं वाढतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. गाभण मेंढ्यांना शिरेतून कॅफीन देऊन गर्भाशयाचा रक्तप्रवाह मोजला, तेव्हा तो ५ ते १० टक्क्यांच्या घरात कमी झाला. निरोगी, पोटभर खाणाऱ्या मेंढीला एवढं सहज सोसतं. आधीच अशक्त असलेल्या आईचं गणित वेगळं.

आता बोटांचं. १९६० मध्ये जपानमध्ये निशिमुरा आणि नाकाई यांनी गाभण उंदरिणींना पोटात सुईनं, किलो वजनामागे २५० मिलिग्रॅम कॅफीन एकाच वेळी दिलं. पिल्लांच्या टाळूला फट आणि बोटांत दोष आढळले. हा डोस ५० किलोच्या बाईला तसाच लावला तर साडेबारा ग्रॅम होतो, म्हणजे शंभराहून जास्त कप, तेही एका दमात सुईनं. त्याचा घरच्या कॉफीशी काही संबंध नाही.

खरी चर्चा झाली ती अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगांवर. तिथे थोरल्या पांढऱ्या उंदरांना, ज्यांना इंग्रजीत रॅट म्हणतात, त्यांना गाभण काळात रोज नळीनं थेट जठरात कॅफीन दिलं. किलोमागे ६, १२.५, ४०, ८० आणि १२५ मिलिग्रॅम असे गट होते. ८० आणि १२५ च्या गटांत काही पिल्लांची बोटं गायब होती. खालच्या गटांत बोटं शाबूत होती, पण छातीच्या मधल्या हाडाचे तुकडे टणक व्हायला उशीर झालेला दिसला. हे कळतं कसं, तर गर्भ २० व्या दिवशी काढून ॲलिझरिन रेड नावाच्या रंगात ठेवतात. जिथे हाडात कॅल्शियम बसलेलं असतं तिथेच लाल रंग चढतो. कोवळी कूर्चा कोरी राहते. या निकालांमुळे सप्टेंबर १९८० मध्ये त्या प्रशासनानं गर्भवतींनी कॅफीन टाळावं किंवा कमी करावं असा सल्ला काढला.

पुढे त्याच मंडळींनी तेच कॅफीन नळीऐवजी पिण्याच्या पाण्यातून दिलं. जनावर दिवसभर घोटघोट पीत राहिलं, रोजचा एकूण डोस किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास गेला, तरी बोटं गेली नाहीत. पिल्लांचं वजन कमी भरलं, हाडं उशिरा टणक झाली, आणि हा उशीर जन्मानंतर भरून निघाला. १९८७ च्या एका प्रयोगात हेच आणखी स्पष्ट झालं. किलोमागे १०० मिलिग्रॅम एकदम दिले तर बोटांचे दोष, तेच २५-२५ चे चार भाग करून दिले तर दोष नाहीत. याचा अर्थ, बोटं जातात ती रक्तातल्या अचानक चढलेल्या शिखरामुळे. गायीला युरियाचं एक वेळचं मोठं प्रमाण मारतं आणि तेवढाच युरिया प्रक्रिया केलेल्या कुटारातून दिवसभरात पचतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

म्हणून कॅफीन निर्दोष ठरलं का? नाही. बोटं सोडून बाकीच्या गोष्टी पाहिल्या तर चित्र तेवढं साधं राहत नाही. कॅनडात माकडिणींना पिण्याच्या पाण्यातून रोज किलोमागे १० ते १५ आणि २५ ते ३५ मिलिग्रॅम कॅफीन दिलं. १९८८ मध्ये छापून आलेले निकाल असे की व्यंग नव्हतं, पण गर्भपात आणि मृत पिल्लं वाढली, जगलेल्या नर पिल्लांचं वजन कमी भरलं. २०१३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांना लिटरमागे ०.३ ग्रॅम कॅफीनचं पाणी दिलं, जे त्यांच्या हिशेबानं माणसाच्या दिवसाला ३-४ कप कॉफीइतकं होतं. पिल्लांच्या मेंदूतल्या काही पेशी ठरल्या जागी उशिरा पोचल्या आणि त्या पिल्लांना झटके लवकर येत. चीनमधल्या वुहानच्या प्रयोगशाळेत थोरल्या उंदरांना किलोमागे ३० ते १२० मिलिग्रॅमच्या डोसवर गर्भाची वाढ खुंटलेली दिसली. तिथलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आईच्या ताणाचं संप्रेरक गर्भापर्यंत पोचू नये म्हणून वारेत एक एन्झाइम पहाऱ्यावर असतं. कॅफीननं तो पहारा ढिला पडतो आणि गर्भ आईच्या कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकात गरजेपेक्षा जास्त न्हाऊन निघतो.

हे आकडे माणसाला लावताना किलोला किलो असा हिशेब करू नये. लहान जनावर औषध झपाट्यानं मोडतं. ढोबळ रीत अशी की थोरल्या उंदराचा किलोमागचा डोस ६.२ नं आणि लहान उंदराचा १२.३ नं भागायचा. ८० ला ६.२ नं भागलं की सुमारे १३. ५० किलोच्या बाईला दिवसाला ६५० मिलिग्रॅम, तेही एकदम. आपल्याकडे एवढं कोणी घेत नाही. पण ३० चा आकडा याच रीतीनं २४० मिलिग्रॅमवर येतो, आणि तो काही अशक्य नाही. जनावरांवरच्या प्रयोगांतून घ्यायचं ते एवढंच: व्यंगाची भीती धरू नका, कमी वजनाची धरा.

आता बकऱ्यांचा हिशेब. चहापत्तीत साधारण ३ टक्के कॅफीन धरू. टपरीवर पत्ती उकळून उकळून काळी करतात, त्यामुळे बहुतेक कॅफीन पाण्यात उतरतं. तरी सावधपणे पाचवा हिस्सा चोथ्यात राहिला असं समजू. १ किलो कोरड्या पत्तीत ३० ग्रॅम, उरलं ६ ग्रॅम. तिचा ओला चोथा ४ किलोच्या आसपास धरला तर किलोभर ओल्या चोथ्यात दीड ग्रॅम. ३० किलोच्या बेरारी बकरीनं जाता-येता मूठभर, १०० ग्रॅम, खाल्ला तर १५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ५. यानं बकरी गाभडत नाही. पण एखादी हावरट बकरी रोज अर्धा किलो ओरपत असेल तर तेच २५ वर जातं, आणि तो आकडा मला गाभण जनावरासाठी आवडत नाही. न उकळलेली पत्ती पोत्यासकट हाती लागली तर ५० ग्रॅममध्येच दीड ग्रॅम कॅफीन, म्हणजे किलोमागे ५०. बकरी अस्वस्थ होईल, धडधडेल, थरथरेल. पत्तीचा डबा वर ठेवा.

चोथ्याचा खरा तोटा कॅफीनचा नाही, टॅनिनचा म्हणजे पत्तीतल्या तुरट द्रव्याचा आहे. टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनाला चिकटून बसतं आणि ढेप-चुनीवर केलेला खर्च लेंडीतून बाहेर पडतो. गर्भाची सत्तर टक्क्यांहून जास्त वाढ शेवटच्या ५० दिवसांत होते, बकरीचे दिवस धरतात १५०. म्हणजे शंभर दिवसांनंतर तिला रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक वाढवायचा असतो, आणि बेरारीत जुळी असतील तर पोटात जागाही कमी. ती जागा चोथ्यानं भरली की आई खंगते, करडू दुबळं होतं. शिवाय टपरीच्या चोथ्यात दूध-साखर असते, दोन दिवसांत आंबून बुरशी धरते. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कपाचे तुकडे, दोऱ्या. कोठ्यात अडकलेलं प्लास्टिक कापून काढायची वेळ येण्यापेक्षा चोथा गांडूळखताच्या बेडवर टाकणं स्वस्त पडतं.

चिखलदऱ्याकडच्यांना एक जोडून सांगतो, कारण महाराष्ट्रात कॉफीची झाडं म्हटली की तेच नाव येतं. फळाची साल आणि गर गुरांना घालता येतो, पण कोरड्या आहाराच्या पाचव्या हिश्श्याच्या वर नाही, हळूहळू सवय लावून, आणि वाळवून. ओला ढीग लगेच सडतो. गाभण जनावराला तो देऊच नये असं माझं मत आहे. दुसरा चारा असताना ही उठाठेव कशाला?

थंडीत गारठलेल्या गायीला चहा-गुळाचा काढा पाजतात. २५ ग्रॅम पत्तीत ७५० मिलिग्रॅम कॅफीन, ३०० किलोच्या गायीला किलोमागे अडीच. त्यानं गर्भाला काही होत नाही. जनावर दगावतं ते पाजण्याच्या पद्धतीनं. जीभ बाहेर ओढून, मान आभाळाकडे करून बाटली ओतली की काढा फुप्फुसात जातो आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया. मान जमिनीला समांतर, बाटली ओठांच्या कोपऱ्यातून, थोडं थोडं, खोकली की लगेच थांबायचं. राखणीच्या कुत्र्याला मात्र चहा-कॉफी नकोच. किलोमागे २० मिलिग्रॅमला तो बेचैन होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके. गाभण कुत्री असेल तर विषयच नको.

सुनेचं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेले आकडे असे: १५० मिलीच्या कपात गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन, झटपट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५. गर्भवतीसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं आणि ब्रिटननं दिवसाला २०० ची मर्यादा ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटना ३०० च्या वर घेणाऱ्यांना कमी करायला सांगते. २००८ पर्यंत ब्रिटनचाही आकडा ३०० होता, कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास आल्यावर तो २०० केला. २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅमच्या आसपास घेणाऱ्यांची बाळंही न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ६६ ग्रॅमनं हलकी होती. तीन किलोच्या बाळाला हे काही नाही. आपल्याकडे दोन-सव्वादोन किलोची बाळं येतात, तिथे ६६ ग्रॅमही डोळ्यांआड करू नये.

झटपट कॉफीचे दोन कप म्हणजे १०० ते १३०. गावात मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते, पाकिटावर टक्के छापलेले असतात. चिकोरीत कॅफीन नाही, तेव्हा आकडा आणखी खाली येतो. इथपर्यंत ठीक. गडबड होते ती 'कॉफी दोनच कप' म्हणताना चहा न मोजल्यानं. सकाळचा चहा, पाहुणा आला म्हणून अर्धा कप, वावरात भांड्यातून आलेला एक, आणि टपरी घरचीच! चहा धरून २०० च्या आत ठेवा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, पाकिटामागे वाचा. किराणा दुकानातल्या त्या लाल-निळ्या तरतरीच्या बाटल्यांवर तर गर्भवतींसाठी नाही असं छापलेलंच असतं. एकदम बंद केलं तर दोन दिवस डोकं ठणकतं, म्हणून आठवड्याला अर्धा कप असं उतरवा.

आणि आपल्या भागात कॅफीनपेक्षा मोठा प्रश्न आहे अंगात रक्त कमी असण्याचा. चहा-कॉफीतली टॅनिनच्या जातीची द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर तिचा मोठा भाग वाया जातो. गोळी आणि जेवण, दोन्हींच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नको. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती उरकून घ्या.

आता गाभडलेल्या बकऱ्या. दोन बकऱ्या आठवड्यात आणि दिवस बऱ्यापैकी भरलेले असतील तर आधी ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेला जिवाणूमुळे होणाऱ्या आणि जनावरातून माणसाला लागणाऱ्या रोगाचा, संशय धरायचा, मग बाकीचं. बकरीतला ब्रुसेला माणसाला गायीतल्यापेक्षा जास्त त्रास देतो: महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, आणि गर्भवतीचा गर्भपात. गाभडण्याची आणखीही कारणं आहेत. नाकाडोळ्यांतून पाणी, हगवण आणि ताप सोबत असेल तर पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग. गाभण राहिल्यावर पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोलचं जंतनाशक पाजलं का, हे आठवा; त्यानं गर्भात खरंच व्यंग येतं, कॉफीसारखं 'कदाचित' नाही. त्या काळात फेनबेंडाझोल बरं. दिवस भरत आलेल्या बकरीला कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचलं का? नाल्याकाठचा बेशरमचा पाला खातात का? ब्राझीलमध्ये गाभण बकऱ्यांना तो खाऊ घातला तेव्हा करडं वाकड्या पायांची आणि दुबळी जन्मली. बुरशीची ढेप, मे महिन्यातलं ४५ च्या वरचं ऊन, गव्हाणीवरची ढुशी, हेही विचारात घ्या.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन लावा. गाभडलेलं पिल्लू आणि वार कुत्र्यांना टाकू नका. दोन पिशव्या हाताला घालून उचला, दुसऱ्या प्लास्टिक पिशवीत बांधा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या हवाली करा. प्रयोगशाळेला पिल्लाच्या जठरातलं पाणी आणि वारेचा तुकडा लागतो. बकरीच्या रक्ताचा नमुना आज एक आणि तीन आठवड्यांनी दुसरा. डॉक्टर येईपर्यंत बर्फ मिळाला नाही आणि वास सुटला तर चार फूट खड्डा, खाली-वर चुना. जिथे गाभडली तिथलं कुटार जाळून टाका, जमिनीवर चुना मारा, त्या दोघींना महिनाभर कळपापासून वेगळं बांधा. निकाल येईपर्यंत नवी बकरी विकत घेऊ नका, यातली विकूही नका.

सुनेनं तेवढे दिवस गोठ्यात पाय टाकू नये. झाडलोट, दूध काढणं, व्यायला आलेल्या बकरीजवळ बसणं, काहीच नाही. दूध उतू येईपर्यंत उकळूनच वापरा, बकरीचं कच्चं दूध कोणालाच नको. आणि तिला ताप आला, अंग दुखलं, रात्री घामानं कपडे भिजले, तर दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा की घरी दोन बकऱ्या गाभडल्या आहेत. डॉक्टर आपणहून ते विचारतीलच असं नाही.